कच्ची बी बाहेर जाऊ द्यायची का

ती वर्गात पहिल्यांदा बोलली तेव्हा मी सिंगापूरच्या बंदराची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट मी दर वर्षी सांगते. इथल्या विद्यापीठात माझं मुख्य काम संशोधनाचं, पण सरकारी नोकरीतून वर्षभराची रजा काढून शिकायला येणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांना अर्थशास्त्राची उजळणी करून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. नेपाळ, फिजी, केनिया, कुठून कुठून लोक येतात. एवढंसं बेट, शेती नाही, तेल नाही, पाणीसुद्धा शेजाऱ्याकडून घ्यायचं, आणि तरी यांना हे कसं जमलं, हे ऐकताना त्यांचे हात वहीवर भराभर चालतात.

तिचे हात चालत नव्हते. पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहान देशाच्या अर्थखात्यात ती उपसंचालक होती. पन्नाशीला टेकलेली, उंच, खालच्या पट्टीत बोलणारी. इंग्रजी फ्रेंच वळणाचं. ती म्हणाली, "हे सगळं खरं आहे. पण तुमच्या बंदरातून दुसऱ्यांचा माल जातो. आमच्या बंदरातून आमचाच जातो, आणि तो कच्चा जातो. मग यातलं आम्ही नक्की काय उचलायचं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. शिस्त, संस्था, लांबचा विचार, असं काहीतरी. तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती, मला बरं वाटावं म्हणून हलवलेली होती.

वर्ग सुटल्यावर कँटीनमध्ये ती कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि मला तिच्या देशाची तिजोरी समजावू लागली. "आमच्याकडे कर कुणाकडून घ्यायचा?" ती म्हणाली. "शेतकऱ्याकडे हिशेब नाही, दुकानदाराकडे पावती नाही. माल जिथे फाटकातून जातो तिथेच आम्हाला तो दिसतो. म्हणजे बंदरावर. आमचं सरकार म्हणजे बंदराच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला माणूस. आयात तांदळावर कर वाढवला की लोक रस्त्यावर येतात. कमी केला की शिक्षकांचे पगार लांबतात. बाहेरच्या कर्जाचा हप्ता डॉलरमध्ये, आणि डॉलर मिळतात दोनच गोष्टींचे. कापूस आणि काजू. दोन्ही कच्चे."

काजू म्हटल्यावर मी ताठ बसले. मी वेंगुर्ल्याची.

त्या रविवारी मी तिला लिटिल इंडियात घेऊन गेले. मला कोकम आणि तांदळाचं पीठ हवं होतं, तिला नुसतंच बघायचं होतं. किराण्याच्या दुकानात सुक्यामेव्याच्या फळीशी ती थांबली आणि काजूचं पाकीट उचलून मागचं बारीक अक्षर वाचू लागली.

"हे भारतात पिकतात?"

"काही पिकतात. बरेचसे तुमच्याकडून येतात." आणि मी तिला माझ्या मावशीबद्दल सांगितलं. वेंगुर्ल्याजवळ मावशीचा काजूचा लहान कारखाना आहे. बी उकडायची, कापायची, गर सुकवायचा, साल काढायची, आकारानुसार निवडायचा, डबे भरायचे. सगळं काम बायकाच करतात. उन्हाळ्यात कोकणातली बी मिळते, ती संपली की आफ्रिकेतली पोती येतात. शाळेत असताना मी त्या पोत्यांवर लोळत पुस्तकं वाचायचे. तिच्या देशाचं नाव मी नकाशात बघायच्या आधी पोत्यावर वाचलं होतं.

ती ऐकत होती, पण पाकीट हातातून सुटत नव्हतं. शेवटी तिने ते विकत घेतलं. बाहेर बाकावर बसून तिने एक काजू खाल्ला, थोडा वेळ चघळत राहिली. "आमच्याकडे बड्या घरच्या लग्नात हे असे पांढरे काजू लागतात," ती म्हणाली. "ते विमानाने मागवतात." मला हसू आलं, पण ती हसली नाही, म्हणून मी ते आवरलं.

तिथून तिच्या प्रबंधाचा विषय ठरला. कच्च्या काजूची निर्यात थांबवावी का. मार्गदर्शक दुसरेच कुणी होते, पण वाचून टाचणं काढायचं काम माझ्याकडे आलं. विषय वाटतो तितका सरळ नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला एका देशाने असाच प्रयोग पूर्वी केला होता, आणि आमच्या क्षेत्रातले लोक त्यावर अजून भांडतात. एक गट म्हणतो की निर्यात अडवल्यामुळे शेतकरी बुडाला. दुसरा म्हणतो की अडवलेली निर्यात घाईने मोकळी केली म्हणून कारखाने आणि त्यातल्या बायका बुडाल्या. दोन्ही गटांचे आकडे मी तपासलेत. दोन्ही बरोबर वाटतात.

"मग तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"अवलंबून आहे."

"कशावर?"

मी मोठी यादी सांगितली. ती म्हणाली, "यातली एकही गोष्ट माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त फाटक आहे. उघडं ठेवायचं की बंद, एवढंच सांग."

एका शनिवारी ती बिशानला आमच्या घरी जेवायला आली होती, तेव्हा मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मी दोघींची ओळख करून दिली. मावशी सत्तरीच्या अलीकडची, मालवणीशिवाय बोलत नाही. काका गेल्यावर कारखाना तिने एकटीने चालवला. मी तिला सगळं सरळ सांगितलं, की ही बाई त्यांच्याकडची कच्ची बी बाहेर जाण्यावर बंदी आणायचा विचार करतेय.

मावशी म्हणाली, "म्हणजे ही माझ्या पोटार पाय देतली."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मैत्रिणीने भात कालवायचं थांबवलं आणि म्हणाली, "विचार तिला, इतकी वर्षं कुणाचा पाय कुणाच्या पोटावर होता?"

मी तेही सांगितलं. मला वाटलं मावशी फोन ठेवेल. पण ती म्हणाली, "बरोबर बोलता ती. पण तिका सांग, कारखानो घालूक सोपो, चालवूक कठीण."

मग दोघी मला विचारू लागल्या, दोन भाषांत, एकच प्रश्न. तुझं शास्त्र काय म्हणतं? मी पुन्हा तेच म्हटलं, की अवलंबून आहे. माझा नवरा मरीन इंजिनीयर, सेम्बावांगच्या यार्डात जहाजांच्या दुरुस्तीवर असतो. तो ताटावरून न उठताच म्हणाला, "इंजिन चालू करायचं का असं विचारल्यावर मी हे उत्तर दिलं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

तिने प्रबंध चांगला लिहिला. आधी कच्च्या बीवर थोडा कर, तो दर वर्षी हळूहळू वाढवायचा. त्या पैशातून कारखान्यांना वीज द्यायची, हंगामात बी विकत घ्यायला बँकेकडून स्वस्त कर्ज द्यायचं, कारण बी तीन महिन्यांत येते आणि काम वर्षभर चालवायचं असतं. हे सगळं उभं राहिलं की शेवटी बंदी. पदवी घेऊन ती परत गेली. चांगी विमानतळावर मी सोडायला गेले होते. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "तू एकदाही हो किंवा नाही म्हणाली नाहीस. मला त्याचा राग आहे, पण थोडाच."

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी तिच्या देशात बंदी जाहीर झाली. कर नाही, टप्पे नाहीत, सरळ बंदी. मी तिला फोन केला.

"मंत्र्यांना शेवटचं वाक्य आवडलं," ती म्हणाली. "त्याच्या आधीचं फार लांबलचक आहे म्हणाले. निवडणूक जवळ आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, वीज नाही. ते म्हणाले, बंदी आली की कारखाने येतील, कारखाने आले की वीज येईल. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगू? एक क्षणभर मलाही वाटलं, कदाचित असंच होत असेल. तुमच्या सिंगापूरनेसुद्धा काहीतरी आधी केलंच असेल ना, मागून बाकीचं आलं असेल."

तसं झाल्याचीही उदाहरणं आहेत.

त्यानंतरचे तीन-चार महिने ती मला अधूनमधून फोन करायची. तिच्याकडे दुपार असायची, आमच्याकडे जेवणं उरकलेली असायची. पहिल्यांदा ती उत्साहात होती. दोन नवे कारखाने उभे राहत होते, एकाची यंत्रं बंदरात उतरली होती. मग तिचा सूर उतरत गेला. जहाज नाही म्हटल्यावर व्यापारी गावागावांत निम्मा भाव सांगू लागले. कारखान्यांना बी हवी होती, पण रोकड नव्हती. बँका कर्ज देईनात, कारण सरकारने कर्जरोखे काढून बँकांचा पैसा आधीच स्वतःकडे ओढला होता, आणि सरकारला कर्ज देणं बँकेला केव्हाही बिनघोर. हे तिच्याच खात्याने केलं होतं, दुसऱ्या मजल्यावर. बंदीचं काम चौथ्या मजल्यावर चालायचं.

तिचा सख्खा भाऊ उत्तरेला काजू पिकवतो. आईवडिलांची बाग, तीही लहानपणी तिथे बी वेचायची. शेतकरी पोती मोटरसायकलींवर लादून आडवाटेने शेजारच्या देशात नेऊ लागले होते, तिथे बंदी नव्हती. भावाने तिला विचारलं, "मी काय करू? इथे निम्म्या भावात देऊ की पलीकडे नेऊ?"

"मी अर्थखात्यात," ती मला म्हणाली. "मी त्याला पलीकडे ने असं सांगू? आणि निम्म्यात दे असंही कसं सांगू? मी म्हटलं, थांब. कारखाने महिन्याभरात खरेदी सुरू करतील."

तो थांबला. कारखान्यांनी खरेदी केली, पण थोडी, आणि जवळच्या गावांतून. त्याच्या गावापर्यंत कुणी पोहोचायच्या आत पाऊस आला. झोपडीत रचलेली बी ओलावली, काळी पडली. त्याच्या शेजाऱ्याने कुणाला न विचारता पलीकडे नेऊन विकली होती. त्या शेजाऱ्याने छपरावर पत्रा घातला.

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. ती म्हणाली, "तो माझ्याशी बोलत नाही. मी फोन केला की वहिनी घेते आणि सगळे बरे आहेत म्हणते."

त्याच दिवसांत वेंगुर्ल्याहून मावशीचा फोन. आफ्रिकेची बी आलीच नव्हती, भाव चढले होते. तिने कारखाना बंद ठेवून बायकांना घरी पाठवलं होतं. "तुझ्या मैत्रिणीन केल्यान शेवटी," ती म्हणाली. रागाने नाही, वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसं. मग पावसाळ्याच्या मध्यावर पुन्हा तिचा फोन. पोती आली होती. "पोत्यार नाव दुसऱ्या देशाचा असा, पण बी तीच. माका काय समजणा नाय?" कारखाना सुरू झाला. मला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की ही पोती कुठल्या वाटेने आली असतील ते मला माहीत आहे, आणि त्या वाटेवरचा कर मैत्रिणीच्या देशाला न मिळता शेजाऱ्याला मिळालाय. मला बरं वाटायला हवं होतं की नाही, हे मला ठरवता येईना.

मी मैत्रिणीला पोत्यांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. शेजारच्या देशात जितकी झाडं नाहीत तितकी बी त्यांच्या बंदरातून गेली. ते आम्हाला दर आठवड्याला गोड गोड पत्रं पाठवतात."

मग जे व्हायचं ते झालं. बंदरावरचा महसूल घसरला, डॉलर आटले, कर्जाचा हप्ता तोंडावर आला. शिक्षकांचे पगार थकले. कर्ज देणाऱ्या संस्थेचे लोक आले आणि नम्रपणे म्हणाले, की बंदी उठवा. हंगाम सरता सरता बंदी उठली, त्याऐवजी कर आला. पण तेवढ्यात ज्यांनी बंदीच्या भरवशावर यंत्रं आणली होती त्यांच्या डोळ्यांदेखत परदेशी व्यापारी जास्त भाव देऊन उरलेली बी उचलू लागले. एक कारखाना उद्घाटनानंतर काही दिवसांत बंद पडला. म्हणजे बंदी आली तेव्हा शेतकरी गेला, आणि उठली तेव्हा कारखाना. मी ज्या दोन गटांची भांडणं वर्षानुवर्षं वाचत आले होते, ती दोन्ही तिच्या देशात एकाच वर्षात खरी ठरली. तिची बदली आकडेवारीच्या खात्यात झाली. तिथे ती म्हणे दिवसभर महागाईचा निर्देशांक तपासायची आणि पाच वाजता घरी जायची.

मी यावर निबंध लिहायला घेतला. माझ्याकडे चांगली सामग्री होती. पण निष्कर्षाच्या परिच्छेदाशी येऊन मी अडकायचे. बंदीने नुकसान झालं, की बंदी अर्धवट घातल्याने, की अर्धवट उठवल्याने? प्रत्येक वाक्य लिहिलं की त्याच्या उलटं वाक्य तितकंच खरं दिसायचं. नवरा म्हणायचा, सगळंच लिही. पण सगळं लिहिलं तर तो निबंध होत नाही, नुसता तपशील होतो.

पुढच्या वर्षी मावशी आमच्याकडे महिनाभर राहायला आली. तिला सिंगापूर आवडलं नाही. सगळं पुसून ठेवल्यासारखं दिसतं, म्हणाली. नेमकी त्याच काळात मैत्रीण आकडेवारीच्या कुठल्याशा परिषदेसाठी आली. मी तिला दुपारी जेवायला बोलावलं. दोघींना समोरासमोर बसवायची मला भीतीच वाटत होती.

दारातून आत आल्या आल्या तिने मावशीचे दोन्ही हात धरले आणि वाकून म्हणाली, "मामा." त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तसं म्हणतात. मावशी माझ्याकडे बघायला लागली. "मामा खंयचो? मी मावशी." मी समजावून सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मैत्रीण मात्र दिवसभर तिला मामाच म्हणत राहिली.

मावशीने काजूची उसळ केली होती. ओले गर सुकवून ठेवलेले तिने बरोबर आणले होते. मैत्रिणीने पहिला घास घेतला आणि विचारलं, ही कसली भाजी? काजू म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. त्यांच्याकडे काजू झाडाखालून वेचायचा आणि विकायचा. तो शिजवून खातात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

जेवणानंतर तिने मावशीला भावाबद्दल सांगितलं. मी वाक्यावाक्याने सांगत गेले. काळी पडलेली बी, शेजाऱ्याचा पत्रा, फोन घेणारी वहिनी. मावशीने सुपारीचा डबा पुढे केला, मग आठवल्यासारखा मागे घेतला. तो झाकून म्हणाली, "तिका सांग, बंदी नसती तर ती बी माझ्याकडे इली असती."

हे सांत्वन होतं की टोमणा, मला कळलं नाही. मी ते तसंच सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "हो. आणि तिने चांगला भाव दिला असता."

मग तिने मूळ गोष्ट काढली. तिच्या भावाच्या गावापासून जवळच एक कारखाना अजून तग धरून होता. तिथल्या बायका शिकल्या होत्या, पण गर फार तुटायचे, आणि तुटलेल्या गराला भाव नाही. बाहेरचा तज्ज्ञ परवडत नाही. "मामा येईल का?" तिने विचारलं. "हंगामात, थोडे दिवस. तिकीट आणि राहणं मालक देईल."

"मी?" मावशी म्हणाली. "खुळी काय ही?"

नवरा हसून म्हणाला, "मावशी, जाऊ नका. स्वतःच्या हाताने स्पर्धक तयार कराल."

मावशीने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. चहा झाला, मैत्रीण निघायला उठली, चपला घालत होती. तेव्हा मावशीने मला हळूच विचारलं, "थंय उकाडो कितपत असता, विचार गो."

हंगामात मावशी खरंच तिकडे गेली. का, हे मला आजही पुरतं समजलेलं नाही. आधी तिने मला कारण दिलं, की तिच्याकडे आता कामाला बायका मिळत नाहीत, तरुण मुली गोव्याला हॉटेलांत जातात, हाताला काजूच्या टरफलाचं जाळणारं तेल लावून घ्यायला कुणी तयार नाही, आज ना उद्या कारखाना मिटायचाच. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, विमानात बसायचंच होतं. ती बरोबर कारखान्यातल्या मुकादमीण बाईला घेऊन गेली, दोघी मिळून, एक पिशवी भरून तांदूळ आणि सुकी मासळी घेऊन.

तिथून तिचे फोन यायचे ते तक्रारींचे. शेड मोठी, यंत्रं चकचकीत, वीज दिवसातून दोनदा जायची आणि सुकवणीची भट्टी मध्येच थंड व्हायची. बी उकडल्यावर निवायला वेळ न देता लगेच कापत होते, ते तिने थांबवलं. पण तिने केलेला एक अंदाज चुकला. "माका वाटलेला, ह्यांका शिकाक वर्स लागात," ती म्हणाली. "आठवडाभरात शिकली. आमच्या बायांपेक्षा हात चलता." ती खूश होती की खट्टू, आवाजावरून सांगता येत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

मैत्रिणीचा भाऊ एकदा कारखान्यात आला होता. मावशीला बघायला आला, चहा प्यायला, तिच्या हातातली बी उलटीपालटी करून बघितली. बहिणीचं नाव त्याने काढलं नाही. मावशीला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. तरी त्याने जाताना एक कोंबडी दिली, आणि ती मुकादमीण बाईने त्याच दिवशी शिजवली.

आता तिथे नवं सरकार आलंय, आणि येत्या हंगामापासून पुन्हा बंदी घालायचं घाटतंय. या वेळी टप्प्याटप्प्याने, असं म्हणतात. मागच्या वेळचं सगळं ठाऊक असलेलं माणूस हवं म्हणून मैत्रिणीला परत अर्थखात्यात बोलावलंय. मावशीला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "परत? मगे माझी पोती खंयसून येतली?" आणि मी काही बोलायच्या आत, "थंयचो कारखानो तरी चलात म्हणा." मी विचारलं, तुला नक्की काय व्हायला हवंय? ती म्हणाली, तू शिकलेली, तूच सांग.

माझा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. पुरावा भरपूर आहे, पण लेखिकेचं मत स्पष्ट होत नाही, असा त्यांचा शेरा होता. तो मला अन्यायाचा वाटला नाही.

परवा मैत्रिणीने नव्या धोरणाचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या वाचला. तो चांगला आहे. कराचे टप्पे आहेत, कर्जाची सोय आहे, विजेचं कलम आहे. मी तिला फोन करून तसं सांगितलं. मग तिने विचारलं, "चालेल का हे?" आणि मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली. "पण सोमवारी द्यायचं आहे."

मग तिने एक बातमी सांगितली. भावाची थोरली मुलगी त्या कारखान्यात कामाला लागली आहे, गर निवडायच्या खोलीत. भावाला ते पसंत नाही. त्याचं म्हणणं, बाग कोण बघणार. मुलगी ऐकत नाही, पहिल्या पगारात तिने स्वतःसाठी फोन घेतला आणि त्यावरून आत्याला परस्पर फोन केला. आत्या-भाची तासभर बोलत होत्या.

"मग हे चांगलंच झालं ना?" मी म्हटलं.

मागे तिच्या कार्यालयात कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. "भाऊ म्हणतो, मी आधी त्याची बी घालवली, आता मुलगी नेली," ती म्हणाली, आणि मग बैठकीची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.